वर बघा, आठ टाइल ओळखा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात दुरुस्ती उपसमितीच्या वतीने केलेलं भाषण)



सुरुवातीला एक मिनिट सगळ्यांनी वर बघा. या हॉलच्या फॉल्स सीलिंगमधल्या आठ टाइल आम्ही गेल्या महिन्यात बदलल्या. कोणत्या, ते माझं बोलणं संपेपर्यंत ओळखायचं.

यंदाच्या पावसाळ्यात वरच्या गच्चीतला पाइप गळत होता, हे आपल्याला उशिरा कळलं. आपल्या टाइल मिनरल फायबरच्या. पाणी प्यायल्या की त्यांना पोट सुटतं. आधी पिवळे डाग, मग फुगवटा, आणि एका रविवारी चित्रकलेच्या वर्गात एक टाइल खालीच आली. मुलं डबा खायला बाहेर गेली होती, म्हणून निभावलं. पाइप लगेच दुरुस्त केला. ते आधी केलं नसतं, तर नव्या टाइलही वाया गेल्या असत्या. पण आठ टाइल आणायच्या कुठून?

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सीलिंग झालं तेव्हा आपल्या पहिल्या सेक्रेटरी काकांनी दहा जादा टाइलचं खोकं पंप रूमच्या माळ्यावर ठेवलं होतं. पुढे मी सेक्रेटरी झालो आणि दिवाळीच्या साफसफाईत 'कशाला हा पसारा' म्हणून ते भंगारात दिलं. काका एवढंच म्हणाले, "अहो, लागेल कधीतरी." आज ते आपल्यात नाहीत. म्हणून टाइल शोधायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं.

मला वाटलं, 'दोन बाय दोन' सांगितलं की झालं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो, मोबाइलवरचा फोटो दाखवला. दुकानदार म्हणाले, "काका, फोटोवरून रंग कळत नाही आणि जाडीही कळत नाही. टाइल घेऊन या." दुसऱ्या दिवशी टाइल रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. तेव्हा कळलं, की आपल्या पट्ट्यांची चौकट खरोखरच दोन फुटांची, म्हणजे ६१० मिलिमीटरची आहे. हल्ली मिळणारी टाइल ६०० च्या चौकटीसाठी असते आणि प्रत्यक्षात ५९५ भरते. पंधरा मिलिमीटरनी काय होतंय, म्हणून दोन आणल्या. एक बसवली, जरा एका बाजूला सरकली, आणि दुसऱ्या बाजूने पट्टीवरून निसटून माझ्या खांद्यावर आली.

शिवाय आपल्या टाइलच्या कडेला पायरी आहे, त्यामुळे ती पट्टीच्या किंचित खाली उतरते. नवी सपाट कडेची. आणि रंग! नवी टाइल शुभ्र, आपली इतक्या वर्षांत सायीसारखी झालेली. रंग लावून बघू म्हटलं, तर दुकानदारांनीच अडवलं. रंगाने टाइलची भोकं बुजतात, मग ती आवाज शोषत नाही आणि हॉल घुमायला लागतो.

सभेत दोन तट पडले. काही म्हणाले, सगळं काढा, नवीन करा. त्याचा अंदाज ऐकून खजिनदारांनी पाणी मागितलं. तेवढ्यात सी विंगच्या काकू म्हणाल्या, "जुन्या कपड्याला ठिगळ लावायचं तर कापड आतल्या दुमडीतून काढतात. बाजारातून आणलेलं कधी जुळतं का?"

सगळे गप्प झाले. आपली दुमड म्हणजे स्टेजमागची स्टोअर रूम. तिथेही तेच सीलिंग, त्याच दिवशी बसवलेलं, सोळा टाइलचं. आम्ही नऊ काढल्या. एक माझ्या हातात मोडली. दोन्ही हातांनी वर उचलून, तिरकी करून काढायची असते, हे तेव्हा शिकलो. बाकीच्या कोरड्या मऊ ब्रशने झटकल्या. टाइलच्या पाठीवर बाण असतो. सगळे बाण एका दिशेला ठेवले, म्हणजे नक्षी जुळते. स्टोअरमध्ये जिप्सम बोर्ड मापाने कापून बसवला. तो जड असतो, म्हणून स्लॅबपासून जादा तारा घेतल्या.

स्टोअरमध्ये अजून सात जुन्या टाइल आहेत. आता तेच आपलं खोकं. चौकटीचं माप, कडेचा प्रकार, बाणाची दिशा आणि या सात टाइलची नोंद रजिस्टरमध्ये केली आहे. एक प्रत स्टोअरच्या दारामागे चिकटवली आहे. पुढच्या सेक्रेटरींना हात जोडून विनंती, साफसफाईत तो कागद फाडू नका. पंचवीस वर्षांत आपण कमिट्या बदलल्या, चार्ज दिला-घेतला, पण माळ्यावर काय आहे आणि का आहे, हे एकमेकांना सांगितलं नाही. काकांनी खोकं ठेवलं, पण का ठेवलं ते कुठे लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

तर, ओळखल्या का आठ टाइल? नसतील ओळखल्या तर काकूंसाठी टाळ्या वाजवा. ओळखल्या असतील, तर जेवण होईपर्यंत कृपया कुणाला सांगू नका.