मदत थांबते तेव्हा

सरकारी मदतीचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, हे एक. मदत बंद केली की गुन्हेगारी वाढते, हे दुसरे. दोन्हीकडची माणसे अगदी खात्रीने बोलतात. अमेरिकेतल्या एका कायद्यामुळे मात्र ही गोष्ट तपासून पाहता आली.

तिथे गरीब घरांतल्या अपंग मुलांना सरकार दरमहा रोख भत्ता देते. १९९६ साली कल्याणकारी योजनांच्या फेररचनेचा कायदा झाला. मूल अठरा वर्षांचे झाले की प्रौढांचे निकष लावून त्याची पुन्हा तपासणी करायची, असे त्यात ठरले. २२ ऑगस्ट १९९६ नंतर अठरा पूर्ण करणाऱ्यांना ही चाळणी लागली आणि अनेकांचा भत्ता गेला. त्याच्या थोडे आधी अठरा पूर्ण केलेले बहुतेक जण वाचले. मुले सारखीच, फरक काय तो वाढदिवसाचा.

मानसी देशपांडे आणि मायकेल म्युलर-स्मिथ या अर्थतज्ज्ञांनी या मुलांच्या पुढच्या दोन दशकांतल्या नोंदी पाहिल्या. त्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. भत्ता गेलेल्यांवरचे गुन्हे २० टक्क्यांनी वाढले होते. पण कोणते गुन्हे? चोरी, घरफोडी, फसवणूक, वेश्याव्यवसाय. म्हणजे ज्यांतून हाती पैसा येतो, ते. वाढ मुख्यतः इथेच होती. दरवर्षी तुरुंगात जाण्याची शक्यता ६० टक्क्यांनी वाढली. भत्ता थांबला की माणूस कामाला लागेल, ही अपेक्षा काहींच्या बाबतीत खरी ठरली. पण वर्षाला १५ हजार डॉलरची नोकरी टिकवण्यापेक्षा पैशासाठी केलेल्या गुन्ह्यात आरोपी होण्याची शक्यता दुप्पट निघाली.

पैसा कधी मिळतो, यानेही फरक पडतो. फ्रिट्झ फोली यांनी २०११ साली बारा अमेरिकी शहरांचा अभ्यास मांडला. जिथे मदत महिन्याच्या सुरुवातीला एकदमच वाटली जाते, तिथे महिनाअखेरीस पैशासाठीचे गुन्हे वाढतात. इतर गुन्ह्यांत हा चढउतार दिसत नाही.

आणि पैसा कसा मिळतो, यानेही. मिझुरी राज्यात १९९० च्या दशकात मदत कार्डावर जमा होऊ लागली. रस्त्यावरची रोकड घटली आणि एकूण गुन्हे जवळपास १० टक्क्यांनी कमी झाले. त्यांत चोरी, घरफोडीबरोबर मारहाणही होती. मदतीची रक्कम तीच, फक्त देण्याची रीत बदलली.

तेव्हा मदत कमी केल्याने तिजोरीत किती उरले, एवढाच हिशेब अपुरा आहे. देशपांडे आणि म्युलर-स्मिथ यांच्या अभ्यासात पोलीस, कोर्ट आणि तुरुंगाच्या खर्चाने भत्त्यातली बचत जवळजवळ खाऊन टाकली होती. ज्यांच्या घरी चोरी झाली, त्यांचे नुकसान आणखी वेगळेच. एखादी योजना बंद करण्याचा निर्णय होतो, तेव्हा खर्चाची ही दुसरी वहीही उघडून पाहायला हवी.