नोकरदार स्त्री आणि तिचे जेवण

घर आणि नोकरी सांभाळणारी स्त्री सर्वांना वाढून शेवटी उरलेसुरले जेवते. थकवा आला की चहावर भागविते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा हा थकवा केवळ कामाचा समजू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. डब्यात पालेभाजी, उसळ असावी. वर लिंबू पिळावे, म्हणजे त्यातील लोह अंगी लागते. जेवणालगतचा चहा त्यात अडथळा आणतो. तो तासाभराने घ्यावा.

मात्र हे तिला एकटीने साधणार नाही. घरी सर्वांनी एकत्र जेवावे आणि कार्यालयप्रमुखांनी तिची जेवणाची सुट्टी कामात खर्ची पाडू नये, एवढीच विनंती.