जुडी फ्रिजमध्ये जाण्याआधी

कल्याणच्या बाजार समितीत उतरलेली मेथी डोंबिवली-ठाण्याच्या स्टेशनबाहेर येते आणि संध्याकाळी लोकलमधून उतरणारा माणूस ती घेऊन घर गाठतो. जुडी तशीच फ्रिजमध्ये कोंबली, की दोन-तीन दिवसांत आतली पानं काळी, चिकट! कारण ओल. भाजी टवटवीत दिसावी म्हणून विक्रेते तिच्यावर सारखं पाणी मारतात. तेव्हा जुडी सोडा, सडकी पानं काढा आणि न धुताच कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळा. धुवायची ती करायला घेताना. वर्तमानपत्र मात्र नको, शाई लागते. शेजारी सफरचंद, पिकलेले टोमॅटोही नकोत; त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पालेभाजी लवकर पिवळी पडते. कांदे-बटाट्यांना तर फ्रिज लागतच नाही.

कोलंबी, बोंबील बंद डब्यात, खालच्या कप्प्यात. नाहीतर त्यांचं पाणी आमटीत ठिबकायचं. दूध दारात ठेवायची आपली सवय, पण फ्रिजमध्ये सगळ्यात जास्त ऊब तिथंच. आतलं तापमान 4 अंशांच्या वर जाऊ देऊ नये. आणि वीज गेली, तर दार उघडून बघत बसू नका; बंद फ्रिज साधारण 4 तास गारवा धरून ठेवतो.