आजच्यापुरती भाकर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला 'श्रद्धा आणि धैर्य' हा विषय दिला. फोनवर सांगितलं, "तू नर्स होतीस, दर रविवारी चर्चला जातेस, एवढं सोसून उभी आहेस. तूच बोल." वेळ दहा मिनिटांचा आहे. गणिताच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे अकरावं मिनिट होणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. मला भीती वाटते. तीस वर्षं वॉर्डात काढली तरी वाटते. श्रद्धा असली की भीती पळून जाते, असं बायबलही सांगत नाही. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू गेथशेमाने बागेत जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करतो की हा प्याला शक्य असेल तर टळावा. मित्रांना म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा, आणि मित्र झोपी जातात. आम्ही ज्याला प्रभू म्हणतो त्यालाही त्या रात्री घाम फुटला होता. मग आपल्यासारख्यांनी भीतीची लाज का बाळगावी?

दुसरी गोष्ट जुन्या करारातली, मला नर्स म्हणून फार आवडते. एलीया नावाचा संदेष्टा होता. राणीने त्याला ठार मारण्याची धमकी दिली, तेव्हा तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवाचा दूत आला. त्याने उपदेश केला नाही, विश्वास कुठे गेला असंही विचारलं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवून म्हणाला, ऊठ, खा. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला परत उठवून खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर झालं. खचलेल्या माणसाला आधी पाणी, अन्न, झोप आणि मग शब्द, हा क्रम मी ट्रेनिंगमध्ये शिकले तेव्हा मला एलीया आठवला होता.

आता आपल्या मातीतली माणसं. माझी आजी जालन्याजवळच्या बेथेलची. नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ते ख्रिस्ती गाव. आजीला वाचता येत नव्हतं, पण ना. वा. टिळकांची भजनं तिला तोंडपाठ होती. आजही 'उपासना संगीत' उघडलं की टिळक भेटतातच. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मात्र आपण सगळ्यांनीच थोडीफार वाचली असतील. त्यांच्या वडिलांचं सोवळं आठवतंय? घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट असे. ते वाचताना आपण हसतो. पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर ते सोवळं हाताबाहेर गेलं. म्हणजे भीती पोटात राहिली आणि सोवळ्याचं रूप घेऊन सगळ्या घरावर बसली.

अशा घरातली मुलगी. १८९५ साली नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्यावर आभाळ कोसळलं. मुलाला घेऊन ती वेगळी राहिली. पुढे नवऱ्याजवळ परत आली, तीसुद्धा आपलं सोवळं सांभाळूनच. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःच स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० चा. कुणी ढकललं म्हणून नाही, आतली भीती सुटली म्हणून. पुढे याच बाईने अनाथ मुलं-मुली सांभाळल्या, बालकवींसारख्या हळव्या पोराला आईची माया दिली आणि १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! बाई, आम्हाला तुम्ही 'प्रयत्नांती' शिकवायच्या, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्नाविना भटकताना त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली. दुष्काळ हा शब्द ऐकला तरी अंगावर काटा यावा असं ते आयुष्य. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतःहून तिकडे गेल्या, उपाशी मुलींना गोळा करून केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात दीड हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. रोज दीड हजार पानं! ज्या गोष्टीची सर्वांत जास्त भीती, तिच्याच दाराशी जाऊन उभं राहण्याचं बळ त्यांना कुठून आलं? त्यांचं उत्तर ख्रिस्त हे होतं. ते उत्तर तुम्ही मान्य करा असं मी म्हणत नाही. ती दीड हजार पानं मात्र नाकारता येत नाहीत.

आता माझ्याबद्दल थोडं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. एप्रिल २०२१ मध्ये माझे मिस्टर कोविडने गेले. वाळूजला एका कंपनीत ते फिटर होते. मी स्वतः कोविड वॉर्डात ड्युटी करत होते, त्यामुळे त्यांच्या ऑक्सिजनचे आकडे मला वाचता येत होते, हेच वाईट. मी प्रार्थना केली. मंडळीने केली. ते वाचले नाहीत. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. त्यानंतर कित्येक दिवस लोक मला भीत भीत विचारायचे, "मग तुझ्या देवाचं काय?"

मी एवढंच सांगू शकते की प्रार्थना केली म्हणजे माणूस वाचेल असा करार देवाने माझ्याशी कधी केला नव्हता. बागेतला तो प्यालाही टळला नव्हता. पण त्या दिवसांत मी एकटी नव्हते, हे मी साक्षीला उभं राहून सांगेन. ऑक्सिजनचं सिलिंडर मिळवायला भर उन्हात, रोजा धरून, चार तास रांगेत उभा राहिलेला आपला वर्गमित्र आज या सभागृहात बसला आहे. नाव घेऊ नकोस म्हणाला, म्हणून घेत नाही. चौदा दिवस दाराशी डबा ठेवून बेल वाजवून खाली पळणारी मैत्रीणही इथेच आहे. तिच्या देवघरात विठोबा आहे. एलीयाच्या गोष्टीतला दूत कसा दिसत असेल असं मी लहानपणी आजीला विचारायचे. आता विचारायची गरज उरली नाही.

मोठं दुःख एकदाच येतं, त्याला माणसं धावून येतात. त्यानंतरची रोजची अडचण मात्र एकटीची असते. बँकेच्या खिडक्या, वारसाचे दाखले, मुलीच्या कॉलेजची फी, घराचा हप्ता. पहाटे तीनला जाग येते आणि पुढच्या दहा वर्षांचा हिशेब डोक्यात सुरू होतो. रात्री-अपरात्री फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं. तेव्हा मला प्रभूची प्रार्थना उपयोगी पडते. येशूने शिष्यांना भाकर मागायला शिकवली ती आजच्यापुरती. दहा वर्षांची नाही. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळे, तोही रोजचा रोज. जास्त साठवला तर त्यात किडे पडत. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे साठवल्याशिवाय चालत नाही हे मला मान्य आहे. टाकी भरून ठेवायचीच. काळजीची टाकी मात्र भरून ठेवायची नाही. तीन वाजता मी स्वतःला विचारते: आज काय करायचं आहे? एक अर्ज भरायचा, एक फोन करायचा. तेवढ्याचं बळ मागते आणि बहुतेक वेळा तेवढं मिळतं.

त्या प्रार्थनेत आणखी एक शब्द आहे. भाकर 'मला' दे असं नाही, 'आम्हांला' दे असं आहे. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून पायी आपल्या गावांकडे निघालेली माणसं ती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. त्यानंतर ती ओळ म्हणताना 'आम्हांला' या शब्दावर माझी जीभ अडखळते. त्या 'आम्ही'त ते होते का? माझ्या एकटीच्या भाकरीसाठी केलेली प्रार्थना अर्धीच राहते, एवढं मला त्या फोटोने शिकवलं. आणि खरं सांगते, दुसऱ्याच्या भाकरीची काळजी करताना स्वतःची भीती थोडी लहान होते. रमाबाईंचं गुपित कदाचित हेच असेल.

म्हणून समितीला माझी एक विनंती. आपल्या ग्रुपवर सुप्रभात आणि फुलांचे फोटो भरपूर येतात, ते येऊ द्या. पण आपल्यातले काही जण एकटे राहतात, काहींचं डायलिसिस चालू आहे, काहींची मुलं परदेशात आहेत. महिन्यातून एकदा दोघा-दोघांनी त्यांच्याकडे जायचं, अशी यादी आजच करू. नर्स म्हणून माझं नाव पहिलं लिहा. कोणत्या देवाचं नाव घेऊन जायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. डबा मात्र गरम असावा.

आणि कुणाला पहाटे तीनला भीती वाटली तर मला फोन करा. मला धस्स होईल, पण मी उचलीन.

बाई, दहा मिनिटं झाली. थांबते.