हस्तपुस्तिका : हातातली आणि पडद्यावरची



ग्रंथालयात येणारी काही पुस्तके सलग वाचण्यासाठी नसतातच. ती हाताशी ठेवण्यासाठी असतात. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाली. एखाद्या घरातील तिची प्रत उघडून पाहावी. ज्या पानावर हळदीचा डाग पडला आहे, ते पान खऱ्या अर्थाने उपयोगी पडले असे खुशाल समजावे. संगणकाच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे 'मॅन्युअल' याच कुळातले. हा इंग्रजी शब्द हात या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि मराठीतील 'हस्तपुस्तिका' हा प्रतिशब्द त्याला नेमका जुळतो. ही पुस्तिका आता हात सोडून पडद्यावर गेली आहे. या स्थलांतरात काय लाभले आणि काय गमावले, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पडद्यावरची हस्तपुस्तिका ही अलीकडची टूम आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तो खरा नाही. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही संगणकप्रणाली घडविली. तिच्या पहिल्या हस्तपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेची स्वतंत्र नोंद. नोंदीत आज्ञेचे नाव, वापरण्याची रीत, वर्णन अशी ठरलेली मांडणी. आणि अखेरीकडे 'बग्ज', म्हणजे दोष, असे एक शीर्षक. आपल्या कृतीतील उणीव कर्त्याने आपणच नोंदवून ठेवावी, ही प्रांजळता व्यापारी माहितीपत्रकांत शोधूनही सापडायची नाही. (वाङ्मयीन प्रस्तावनांतही ती फारशी आढळते असे नाही.) पुढे 'मॅन' नावाची आज्ञा आली. ती देताच हवी ती नोंद टर्मिनलवर उमटे. मूळ संहिता एकच असे. 'एनरॉफ' या प्रोग्रामने ती टर्मिनलसाठी सिद्ध होई आणि 'ट्रॉफ'ने छपाईसाठी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीची हस्तपुस्तिका तर १९८३ साली रीतसर ग्रंथरूपाने विक्रीस आली. कागद आणि पडदा यांत मुळात वैर नव्हते. पाठ एक होता, रूपे दोन होती.

वैयक्तिक संगणकाच्या काळात हे चित्र बदलू लागले. आयबीएमचा पीसी १९८१ साली आला तेव्हा त्याच्या हस्तपुस्तिका कापडी वेष्टणाच्या, कड्यांच्या बांधणीच्या, पुठ्ठ्याच्या कवचात बसविलेल्या होत्या. कड्यांमुळे पुस्तक टेबलावर सपाट उघडे राही आणि पानेही बदलता येत. याच सुमाराच्या 'वर्डस्टार' या लेखनाच्या सॉफ्टवेअरने पडद्याच्या वरच्या भागातच आज्ञांची यादी मांडली. लिहिणारा सरावला की ती यादी टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सोय होती. विद्यार्थी तयार झाल्यावर शिक्षकाने बाजूला व्हावे, तसाच हा प्रकार.

मग जाडजूड छापील ग्रंथ कोण वाचत होते? आयबीएमच्या संशोधनकेंद्रात जॉन कॅरोल यांनी नेमके हेच पाहिले. नवशिके पुस्तक पानापानाने वाचत नाहीत. मध्येच सोडून थेट यंत्राशी झटापट करू लागतात, चुकतात, आणि चूक कशी निस्तरावी हे शोधायला पुस्तकाकडे परततात. नेमके तेव्हा पुस्तक मुके असते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव 'द नर्नबर्ग फनेल'. डोक्यात नरसाळे खोचून ज्ञान ओतता येते, या जुन्या जर्मन थट्टेवरून ते आलेले आहे. हस्तपुस्तिका लहान असावी, खऱ्या कामापासून सुरू व्हावी आणि तिने चुकांची दखल घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

या मताला एक ठसठशीत अपवाद आहे. आपल्या ग्रंथाची मुद्रिते मनासारखी येईनात म्हणून डोनाल्ड नूथ यांनी १९७७ साली 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली रचावयास घेतली. तिची हस्तपुस्तिका 'द टेकबुक' १९८४ साली आली. तीत विनोद आहेत, स्वाध्याय आहेत, आणि अवघड मजकुरापाशी घाटातल्या रस्त्यावर असते तशी धोक्याच्या वळणाची खूण आहे. आरंभी सांगितलेले सारेच पूर्ण सत्य नाही, असा इशाराही लेखकाने आधीच देऊन ठेवला आहे. चूक दाखवून देणाऱ्यास २.५६ डॉलरचा धनादेश देण्याची २००८ पर्यंतची त्यांची प्रथा विख्यात होती. १९९० साली त्यांनी जाहीर केले की 'टेक'मध्ये आता नवे काही घालायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. म्हणून ते पुस्तक जुने झाले नाही. छापील हस्तपुस्तिका बाद होते ती कागदामुळे नव्हे. तिच्यामागचे सॉफ्टवेअर स्वस्थ बसत नाही म्हणून.

१९९० साली 'विंडोज ३.०' आले आणि 'एफ-वन' ही कळ दाबून पडद्यावर मदत मागण्याची सवय सर्वत्र रुजली. शब्दावर माउसने टिचकी दिली की संबंधित पान उघडे. छपाईचा आणि वाहतुकीचा खर्च वाचला, आणि सॉफ्टवेअरच्या खोक्यातील पुस्तके पाहता पाहता रोडावली. या बदलाचे लाभ खरे आहेत. शब्द शोधता येतो, अक्षर मोठे करता येते. दृष्टिहीन वाचकाला पडदावाचक सॉफ्टवेअर तोच मजकूर बोलून दाखवते. त्याच्यासाठी छापील पुस्तक बंदच होते. या एका गोष्टीसाठीही पडद्याचे ऋण मानले पाहिजे.

परंतु यंत्र सुरूच होत नसेल, तर त्याच्या पोटातील मदत कोणी वाचायची? ही अडचण क्षणाची; दुसरी अधिक खोल आहे. त्या काळच्या मदतीच्या फाइली उघडण्यासाठी 'विनहेल्प' हा प्रोग्राम लागे. २००७ साली बाजारात आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'त तो दिला गेला नाही, वेगळा मागवावा लागे. २०१५ च्या 'विंडोज १०'मध्ये तर त्याला थाराच उरला नाही. फाइल शाबूत, पण वाचणारा गेला! मोडी दफ्तरांशी परिचय असणाऱ्यांना ही अवस्था समजावून सांगावयास नको. शिवाय छापील पुस्तकाच्या आरंभी वर्ष असते, आवृत्ती असते. पडद्यावरील पान रातोरात बदलले की कालचा पाठ कोणता होता याचा बहुधा मागमूस राहत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या 'जिस्ट' तंत्राने संगणकावर देवनागरी अवतरली, पण बहुतेकांच्या कळांवर अक्षरे इंग्रजीच होती. 'इन्स्क्रिप्ट' कळफलकाचा एकपानी छापील तक्ता समोर असल्याखेरीज नवख्याचे बोट हलत नसे. सर्व हस्तपुस्तिकांत ही सर्वांत छोटी, आणि कदाचित सर्वांत अधिक वापरली गेलेली. तोच तक्ता पडद्यावर उघडला तर लिहावयाचा मजकूरच झाकला जाई.

ग्रंथालयांच्या छाटणीत पहिला बळी जातो तो संगणकाच्या जुन्या पुस्तकांचा. कादंबरी पन्नास वर्षांची झाली तर तिला मान मिळतो. हस्तपुस्तिका पाच वर्षांची झाली की ती रद्दी. जागेची अडचण खरी आहे, आणि सगळेच राखावे असे कोणी म्हणणार नाही. पण काढून टाकण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे, की युनिक्सच्या अगदी आरंभीच्या गाभ्याची मूळ संहिता संगणकीय रूपात हाती नव्हती. जून १९७२ मधील एका दस्तऐवजात तिची कागदावर छापलेली प्रत तेवढी उरली होती. २००८ साली काही हौशी जाणकारांनी त्या पानांच्या स्कॅनवरून ओळ न ओळ पुन्हा उतरवून घेतली, चुका सुधारल्या, आणि छत्तीस वर्षांपूर्वीची ती प्रणाली पुन्हा चालू करून दाखविली.