रिकामा रकाना चालेल, अंदाजाचा आकडा नको



कृषि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर तारेच्या कुंपणात उभी असलेली पांढरी, झरोक्यांची पेटी आपण पाहिली असेल. ती कृषि हवामान वेधशाळेचा भाग होय. हवामान खात्याचा कृषि हवामान विभाग पुणे येथे १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. या शास्त्राचा पाया म्हणजे रोजची नोंद.

ही नोंद घेण्यास पदव्युत्तर विद्यार्थी अर्धवेळ संशोधन सहायक म्हणून मदत करतात. स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी ७ व दुपारी २ वाजता तापमापी वाचायच्या. कोरड्या व ओल्या बल्बच्या तापमापींवरून हवेतील आर्द्रता काढायची. ५, १० व २० सें.मी. खोलीवरील जमिनीचे तापमान, वाऱ्याचा वेग, पाऊस आणि बाष्पीभवन पात्रातील पाण्याची घट लिहायची. मग वर्ग गाठायचा. रविवार असो, दिवाळी असो की परीक्षा, पाळी चुकत नाही.

पण एखादे दिवशी चुकलीच तर? कालच्या आकड्यावरून आजचा आकडा भरण्याचा मोह होतो. त्याने काय बिघडते ते पाहू. समजा, पात्रातून ८ मि.मी. बाष्पीभवन झाले. पात्र गुणांक ०.७ व पीक गुणांक १ धरल्यास पिकाची त्या दिवसाची गरज ५.६ मि.मी. येते. सहायकाने अंदाजे ६ लिहिले, तर ती ४.२ मि.मी. निघते. हा १.४ मि.मी. चा फरक म्हणजे एकरी साडेपाच हजार लिटरहून अधिक पाणी. ऐन फुलोऱ्यातील पिकाला तेवढी ओढ बसते.

रिकामा रकाना निदान दिसतो. शेजारच्या केंद्राच्या नोंदी पाहून तो भरता येतो व तसे नमूद करता येते. खोटा आकडा मात्र खऱ्यांत मिसळून जातो आणि पुढे सरासरीतही राहतो. म्हणून सहायकाची पहिली परीक्षा प्रामाणिकपणाची.

आपल्या मुला-मुलींना पदव्युत्तर शिक्षण घेताना हे काम मिळाल्यास त्यांनी ते जरूर करावे. शेतीशास्त्रातील आकडा कसा जन्मतो, हे तेथे कळते.

आपणही शेतात मोकळ्या जागी पर्जन्यमापक बसवावा. रोज सकाळी ८.३० वाजता मोजून वहीत लिहावे. पाऊस नसेल तर शून्य लिहावे; मोजणे राहून गेले तर फुली मारावी. शून्य आणि फुली यांतला फरक जपला, तरच ती वही पुढील पेरणीच्या वेळी उपयोगी पडेल.