यादी नको, निकष हवा



जकात म्हटलं की आपल्याला रमजान आठवतो. आज मी बोलणार आहे ती जकात बंदरावरची, आयात मालावर लागणारी.

१९६८ साली दिल्लीत संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद भरली होती. श्रीमंत देशांनी विकसनशील देशांच्या मालावर कमी जकात घ्यावी, बदल्यात काही मागू नये आणि या देशांत भेदभाव करू नये, हे तत्त्व तिथे मान्य झालं. १९७९ मध्ये गॅट कराराखाली या सवलतीला कायमचा कायदेशीर आधार मिळाला.

युरोपने मात्र काही देशांना जास्त सवलत दिली. कारण सांगितलं, अमली पदार्थांविरुद्धची लढाई. यादीत बारा देश होते. अकरा लॅटिन अमेरिकेतले आणि २००२ पासून पाकिस्तान. त्याच वर्षी भारताने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली.

कान टवकारले ना? भारत-पाकिस्तान म्हटलं की लगेच सामना दिसतो. ‘तू कुणाच्या बाजूने?’ हा प्रश्न आपल्यातल्या कित्येकांनी शाळेपासून ऐकलाय. पण एप्रिल २००४ चा निकाल वाचा. सगळ्या विकसनशील देशांना सारखीच सवलत हवी, हे भारताचं म्हणणं अपील मंडळाने पूर्ण मान्य केलं नाही. गरज वेगळी असेल तर वागणूक वेगळी असू शकते, असं मंडळ म्हणालं. तरीही युरोप हरला. कारण यादी बंद होती. तीच अडचण असलेल्या तेराव्या देशाला आत यायला दार नव्हतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या भाषेत, युरोपने नियम लिहायच्या जागी नावं हार्डकोड केली होती. २००५ मध्ये योजना बदलली. सत्तावीस आंतरराष्ट्रीय करारांची अट आली. पाकिस्तान २०१४ मध्ये त्याच दारातून पुन्हा आत आला.

रमजानच्या जकातीचं काय आहे? ती कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणात सांगितलेत. नावं नाहीत, परिस्थिती आहे.

आरक्षण, शिष्यवृत्ती यांवर बोलताना हे लक्षात ठेवू या. ‘त्यांना दिलं, मग आम्हालाही द्या’ ही यादीची भाषा. सच्चर समितीने २००६ मध्ये शिक्षण, नोकरी, कर्ज यांचे आकडे मांडले, ती निकषाची भाषा. आणि त्याच निकषात बसणारा शेजारी मुसलमान नसला, तरी दार त्यालाही उघडं हवं. हे आपणच आधी म्हणायला हवं.